बाल्कनीतली बाग आणि भिंतीतली ओल : ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुंडीतलं झाड कुजलं आणि बेडरूमची भिंत फुगली, या वरवर दोन वेगळ्या तक्रारी. चौकशी मात्र दोन्हींची एकाच प्रश्नाने सुरू होते: पाणी आलं कुठून आणि गेलं कुठे? ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मि.मी. पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. उरलेले आठ महिने झारी हातात. त्यामुळे पुण्याच्या किंवा दिल्लीच्या सल्ल्यावर इथे बाग करायला गेलं की घोटाळा होतो.

बाल्कनीत किती कुंड्या ठेवल्या तर चालतात?

इमारतींचा भार ठरवणाऱ्या आयएस ८७५ या भारतीय मानकात राहत्या घराच्या बाल्कनीसाठी दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ३०० किलो भार धरतात. त्यात माणसं, खुर्च्या, वॉशिंग मशीन, कुंड्या सगळं आलं.

आता हिशोब करा. १२ इंची कुंडीत सुमारे १५ लिटर माती बसते. भिजलेली लाल माती लिटरमागे पावणेदोन किलो भरते, म्हणजे कुंडी २६-२७ किलोची झाली. एका चौरस मीटरात अशा ९ कुंड्या खेटून बसतात: जवळपास २४० किलो. वर पाणी घालायला माणूस उभा राहिला की मर्यादा गाठलीच. त्याच कुंडीत कोकोपीटचं, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशाचं, हलकं मिश्रण (पुढे दिलंय) भरलं तर ती १७-१८ किलोवर येते.

कुंड्या खोलीच्या भिंतीलगत ठेवा. कठड्याच्या टोकाला रांग लावली तर बाहेर झुकलेल्या स्लॅबवर सगळ्यात वाईट जागी वजन पडतं. हा हिशोब धडधाकट स्लॅबचा आहे. बाल्कनीच्या खालच्या बाजूला सळईच्या रेषेत चीर दिसत असेल, गंजाचा तांबूस डाग असेल, काँक्रीटचा पापुद्रा सुटला असेल, तर कुंड्या वाढवायचा विचार सोडून आधी सोसायटीला कळवा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमावलीनुसार) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. शेवटचं कधी झालं, हे सेक्रेटरींना विचारायला काहीच हरकत नाही.

आणि खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये?

ग्रिल भिंतीला चार-सहा स्क्रूंवर लटकलेलं असतं, त्याला स्लॅबचा आधार नसतो. सहा-आठ इंची कुंड्या, त्याही कोकोपीटच्या, यापलीकडे जाऊ नका. ग्रिलचा उघडणारा भाग कुंड्यांनी अडवू नका. आग लागली तर बाहेर पडायची ती एकच वाट असते.

सोसायटीच्या गच्चीवर विटांचे वाफे करून माती भरावी का?

नको. वर्दळीच्या गच्चीसाठी तेच मानक चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो भार धरतं. एक फूट खोल भिजलेल्या मातीचं वजन तेवढ्याच जागेत ५०० किलोच्या वर जातं. शिवाय मुळं कोब्याच्या, म्हणजे गच्चीवरच्या वॉटरप्रूफिंगच्या थराच्या, भेगांत शिरतात आणि गळती कुठून होतेय ते शोधायला सगळा वाफा उपसावा लागतो. ग्रो बॅग घ्या, ८-१० इंच खोलीची, हलक्या मिश्रणाची. स्टँडवर ठेवा म्हणजे खालून पाणी वाहतं आणि झाडू फिरतो. स्टँडचे पाय वॉटरप्रूफिंगच्या थरात रुततात, म्हणून प्रत्येक पायाखाली जुन्या टाइलचा तुकडा किंवा रबर द्या. आणि हो, गच्ची सगळ्यांची आहे. कमिटीची लेखी परवानगी आधी, रोपं मागून.

कुंडीसाठी मिश्रण कसं करायचं?

मोजायला एकच घमेलं घ्या:

३ घमेली चाळलेली लाल माती
३ घमेली भिजवून पिळलेलं कोकोपीट
३ घमेली गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत
१ घमेलं भाताचं तूस किंवा परलाइट

दर १२ इंची कुंडीला मूठभर, म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास, निंबोळी पेंड मिसळा.

कोकोपीटची ५ किलोची वीट २५-३० लिटर पाण्यात फुगून साधारण ७० लिटर होते. छोट्या बादलीत टाकू नका, टब घ्या. त्यात नारळाच्या सोडणाचे क्षार असतात. पहिलं पाणी चहासारखं तांबूस निघतं, ते ओतून द्या, पुन्हा भिजवा, पिळा. धुण्याचा कंटाळा केला की रोपांची पानं कडेने करपतात आणि मग दोष बियाण्याला दिला जातो.

शेणखत कुजलंय की नाही हे हातात घेऊन कळतं. कुजलेलं खत भुसभुशीत, काळसर असतं आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखं वासाला लागतं. शेणाचा वास येत असेल, मुठीत कोमट लागत असेल तर अजून महिना-दोन महिने थांबा.

कुंडीच्या तळाला खडी घालतात ना?

घालतात, पण फायदा होत नाही. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही, खडीच्या वर साचून राहतं. म्हणजे ओला थर मुळांच्या आणखी जवळ आणून ठेवला. भोकावर कौलाचा एक तुकडा, उंचवटा वर करून, किंवा जाळीचा चौकोन पुरे. भोकं मात्र तपासा: १२ इंची प्लास्टिकच्या कुंडीला बोटाएवढी चार-पाच हवीत. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच कुंड्यांना ती नुसती आखलेली असतात, पाडलेली नसतात.

जुलैत झाडं पिवळी पडून मरतात. खत कमी पडतं का?

खत घालायला धावू नका. बहुतेक वेळा मुळांना हवा मिळत नसते. रोप मुळासकट हलकेच बाहेर काढून बघा. मुळं पांढरी, कडक असतील तर ठीक. तपकिरी, चिकट, ओढल्यावर साल हातात येऊन आत दोऱ्यासारखं उरत असेल तर ती कुजलीत. कुजलेला भाग कापा, कोरड्या मिश्रणात लावा, सावलीत ठेवा, चार दिवस पाणी नाही.

मेअखेरीस तीन कामं केली तर ही वेळ येत नाही. कुंड्यांखालच्या थाळ्या काढून टाका. कुंडी दोन विटांवर उचला. वर्षभरात खाली बसलेलं मिश्रण वरचे दोन-तीन इंच मोकळं करून त्यात तूस मिसळा. कोरफड, अडेनियम, कॅक्टस छपराखाली घ्या. पावसाने खतही धुपून जातं, म्हणून एकदम ओंजळभर देण्यापेक्षा दर तीन आठवड्यांनी एक मूठ गांडूळखत द्या.

कोणत्या महिन्यात काय लावावं?

मेअखेर ते जून: हळद, आलं, अळू, भेंडी आणि वेलवर्गीय सगळं, म्हणजे दोडका, कारलं, पडवळ, काकडी. वेलांना १५-१८ इंची कुंडी किंवा ग्रो बॅग आणि मांडव हवाच. हळद जानेवारी-फेब्रुवारीत पानं वाळली की काढा. तिची पानं गणपतीच्या पातोळ्यांना मिळतात, हा वरचा नफा.

दसऱ्याला स्वतःचा झेंडू हवा असेल तर ७०-७५ दिवस आधी बी टाका आणि रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, फुटवे वाढतात. टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपं सप्टेंबरात तयार करून ऑक्टोबरच्या उन्हात कुंडीत न्या. मेथी, पालक, मुळा, वाल नोव्हेंबरपासून. मोगऱ्याची छाटणी डिसेंबर-जानेवारीत करा, पानं झाडा, आठवडाभर पाणी आवरा, मग खत. फेब्रुवारीअखेर कळ्या दिसायला लागतात.

गुलाब, लॅव्हेंडर, स्ट्रॉबेरी यांच्या मागे लागायचं असेल तर लागा, पण दमट हवेत ती रुसतातच. तेवढ्याच जागेत अबोली, जास्वंद, गवती चहा, कढीपत्ता विनातक्रार वाढतात.

कोथिंबीर उगवतच नाही.

धणे अख्खे टाकले असतील. एका धण्यात दोन बिया असतात. चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन डाळी करा, भुगा नको. रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा, वर पोतं झाका. कोंब दिसायला ७ ते १० दिवस लागतात. एप्रिल-मेमध्ये पेरलं तर उगवून लगेच फुलावर येते. तो दोष उन्हाळ्याचा.

जास्वंदावर कापसासारखं पांढरं काय आलंय?

पिठ्या ढेकूण. आधी फांद्या जोरदार पाण्याच्या धारेने धुवा, फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका (खतात नको). मग १ लिटर कोमट पाण्यात १-२ मि.ली. भांड्यांचं लिक्विड घालून, त्यात ५ मि.ली. कडुनिंबाचं तेल ढवळत सोडा. लिक्विड नसेल तर तेल पाण्यात मिसळत नाही, नुसतं वर तरंगतं. संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने, बगलांत फवारा. पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीनदा. एकदाच करून सोडलं की अंड्यांतून पुढची पिढी येते.

खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. ढेकणांच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांना राखतात आणि नव्या फांदीवर नेऊन सोडतात. कुंडीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवले की वाट तुटते. वाटीतलं पाणी मात्र रोज बदला.

पावसाळ्यात मोठ्या गोगलगायी रात्रीत रोपं फस्त करतात.

येऊरच्या पायथ्याला, खारघरच्या टेकडीकडे आणि तळमजल्याच्या बागांत हा त्रास जास्त. अंधार पडल्यावर दीड-दोन तासांनी टॉर्च घेऊन हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या दाट पाण्यात टाका. उघड्या हाताने धरू नका, त्यांच्यात माणसाला बाधणारे परजीवी असू शकतात. ओलं पोतं किंवा कोबीची पानं एका कोपऱ्यात ठेवली तर सकाळी सगळ्या त्याखाली सापडतात. मीठ कुंडीत टाकू नका. गोगलगाय मरेल आणि झाडही.

ओल्या कचऱ्याचं खत करतो, पण घरभर वास येतो.

वास येतो म्हणजे ओलं जास्त, कोरडं कमी. २० लिटरच्या झाकणाच्या बादलीला तळाला आणि बाजूंना ६ मि.मी.ची २०-२५ भोकं पाडा. एक भांडं भाजीचा कचरा, बारीक चिरलेला, तर तेवढंच मापाने सुका पालापाचोळा किंवा कोरडं कोकोपीट. आठवड्यातून दोनदा तळापासून हलवा. आंबट ताक पाण्यात मिसळून शिंपडलं की कुजणं लवकर सुरू होतं. मुठीत दाबून बघा: बोटांतून पाणी गळलं तर कोरडं घाला, मूठ सोडताच भुरभुरलं तर पाण्याचा शिपका मारा. शिजलेलं, तेलकट, मासळीचं नको. करड्या, फताड्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या काम करतायत.

सुका पाला आणायचा कुठून, असं विचारतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बदाम, पिंपळ, वर्षावृक्ष झडतात तेव्हा सोसायटीच्या झाडूवाल्यांना सांगून दोन पोती भरून ठेवा, पावसाळाभर पुरतात. खत दीड-दोन महिन्यांत तयार होतं.

मे महिन्यात दहा दिवस गावी जायचंय. पाण्याचं काय?

मेमध्ये १२ इंची कुंडीला दिवसाला साधारण लिटरभर पाणी लागतं. २० कुंड्या, १० दिवस, म्हणजे २०० लिटर. उलट्या बाटल्यांनी हे भागत नाही.

चार-पाच कुंड्या असतील तर वात: जाड सुती दोरी एका टोकाने कुंडीत चार इंच खोल, दुसरं टोक उंचावर ठेवलेल्या बादलीत. दोरी आधी भिजवून घ्या. कुंड्या सावलीत एकमेकींना खेटून ठेवा, वर नारळाच्या शेंड्या किंवा पाला पसरा. गरज जवळपास निम्म्यावर येते.

जास्त असतील तर ठिबक. १६ मि.मी.ची मुख्य नळी, तिला ४ मि.मी.च्या उपनळ्या, प्रत्येक कुंडीला ताशी २ लिटरचा ड्रिपर, नळाला फिल्टर आणि बॅटरीचा टायमर. सकाळ-संध्याकाळ १५ मिनिटं धरलीत तर कुंडीला दिवसाला एक लिटर मिळतं. फसतं ते टायमरच्या निवडीत. वरच्या टाकीपासून दर १० मीटर खाली गेलं की साधारण १ बार दाब मिळतो. सर्वात वरच्या मजल्यावर तो जेमतेम ०.३ बार असतो. सोलेनॉइड झडपेचे काही टायमर एवढ्या दाबावर उघडतच नाहीत. तिथे बॉल व्हॉल्व्हचा टायमर घ्या, तो शून्य दाबावरही चालतो. दुसरी चूक वेळेची. सोसायटीचं पाणी सकाळी ६ ते ८ असेल आणि टायमर ९ वर लावला, तर परत आल्यावर वाळलेली बाग बघायला मिळते. निघण्याआधी तीन दिवस चालवून बघा.

गणपतीला गेलात तर पाऊस सांभाळून घेतो. छपराखालच्या कुंड्या तेवढ्या बाहेर सरकवा.

टँकरचं, बोअरचं, एसीचं पाणी झाडांना चालतं?

बोअरचं पाणी खारट असेल तर कुंडीच्या काठावर पांढरी कड धरते. तेच वापरावं लागत असेल तर महिन्यातून एकदा नळाच्या गोड्या पाण्याने कुंडीच्या दुप्पट पाणी हळूहळू ओतून क्षार धुवून काढा. टँकरचंही तेच, तो कुठून भरतो त्यावर अवलंबून. एसीचं पाणी क्षारविरहित असतं, शोभेच्या झाडांना खुशाल घाला. पण ती नळी थेट एका कुंडीत सोडू नका. तिथे फक्त अळूच टिकेल.

थाळीत डास होतात. दर आठवड्याला पाणी बदलतो, तरीही.

अंड्यापासून डास व्हायला ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा हिशोब बरोबर आहे. पण डेंग्यूच्या डासाची अंडी थाळीच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. पाणी ओतून भागत नाही, काथ्याने कड घासा. पावसाळ्यात तर थाळीच नको.

भिंतीला ओल आलीये. पाणी कुठून येतंय हे कसं ओळखायचं?

वेळ लिहून ठेवा. पाऊस पडल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी डाग गडद होत असेल तर पाणी बाहेरून येतंय: प्लास्टरच्या भेगा, खिडकीच्या कडा, गच्ची. बाराही महिने, दिवसरात्र सारखाच ओला असेल तर दाबाची पाइपलाइन. वरच्यांच्या आंघोळीनंतरच वाढत असेल तर सांडपाण्याची.

ओल आतून येतेय की खोलीतली वाफ भिंतीवर धरतेय, हेही बघा. दोन फूट बाय दोन फूट पारदर्शक प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला असतील तर भिंतच ओली आहे. बाहेरच्या बाजूला असतील तर खेळती हवा कमी पडतेय, वॉटरप्रूफिंगवर खर्च करू नका.

वाशी, नेरुळ, बेलापूरच्या बैठ्या घरांत आणि रो-हाउसमध्ये तिसरा प्रकार दिसतो: जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत ओलीची सरळ रेघ. खाडीकाठची जमीन, पाण्याची पातळी वर, आणि पाया पाणी चोखतो. पण त्याआधी बाहेर जाऊन फुलझाडांचा वाफा बघा. जोत्यापेक्षा उंच माती भिंतीला टेकवलेली असेल तर ओल तीच घालतेय. माती जोत्याच्या ६ इंच खाली आणा आणि भिंतीपासून फूटभर जागा मोकळी सोडा. तेवढ्याने भागलं नाही तर फरशीपासून ६ इंचांवर, १०-१२ सें.मी. अंतराने १२ मि.मी.ची भोकं पाडून त्यात जलरोधक क्रीम भरतात. क्षार भरलेलं जुनं प्लास्टर ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत खरवडून नवं करावं लागतं.

पोपडे खरवडून पुट्टी आणि रंग मारला तर?

सहा महिने छान दिसेल. पाणी विटांतले क्षार घेऊन पृष्ठभागावर येतं, पाणी उडून जातं, क्षार राहतात आणि रंगाला मागून ढकलतात. त्या पांढऱ्या भुकटीवर ओला फडका फिरवू नका, क्षार विरघळून परत आत जातात. कोरड्या ब्रशने झाडा. उगम बंद केल्यावर भिंत किमान एक-दोन महिने उघडी सुकू द्या, तीही पावसाळा संपल्यावर. ऑक्टोबरचा उकाडा त्यासाठीच उपयोगाचा.

वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून गळतंय. खर्च कोणाचा?

आदर्श उपविधींप्रमाणे संडास-बाथरूम-सिंकच्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती त्या फ्लॅटधारकाची. पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीची.

भांडायच्या आधी तपास करा. रात्री झोपताना वरच्यांना त्यांचा मुख्य कॉक बंद करायला सांगा. सकाळपर्यंत थेंब मंदावले तर दाबाची लाइन. नाही मंदावले तर नहाणी ट्रॅपचं (फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचं) तोंड बंद करून बाथरूममध्ये दोन इंच पाणी, रंग टाकून, २४ तास कोंडून ठेवा. खाली रंग उतरला तर फरशीचे सांधे किंवा भिंतीलगतचा कोपरा गेलाय. उतरला नाही, पण ट्रॅप उघडून पाणी सोडताच खाली आला, तर ट्रॅप आणि पाइपचा जोड.

फक्त सांधे गेले असतील तर फोडाफोड टळते. जुनं ग्राउट ३-४ मि.मी. खोल खरवडा, २४ तास कडकडीत सुकवा, एपॉक्सी भरा. कालवलेलं एपॉक्सी अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होतं, म्हणून थोडं थोडं कालवा आणि टाइलवर पसरलेलं लगेच ओल्या स्पंजने पुसा. दुसऱ्या दिवशी ते छिन्नीनेही निघत नाही. ट्रॅपचा जोड गेला असेल तर मात्र एपॉक्सीवर पैसे घालवू नका, तिथे फोडावंच लागतं.

काम नीट झालं तरी खाली दोन-तीन आठवडे थेंब पडू शकतात. बाथरूमचा खोलगट स्लॅब विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो आणि त्यात महिनोन्‌महिने मुरलेलं पाणी निथळत राहतं. दुसऱ्या दिवशीच कारागिराची गचांडी धरू नका.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी आणि कसं?

मार्च ते मे. ओल्या स्लॅबवर कोटिंग मारलं की आतली वाफ उन्हात फुगून फोड येतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात घाईने लावलेली कोटिंगं याच कारणाने सोलतात.

कोबा करताना गवंड्याकडून तीन गोष्टी बघून घ्या. ढाळ किमान १०० ला १, म्हणजे १० फुटांना सव्वा इंच, पन्हाळाच्या तोंडाकडे. कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे तीन-चार इंचांचा गोल वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई. हा कोपराच सगळ्यात जास्त गळतो. आणि पाणी मारणं, किमान सात दिवस. झाल्यावर पन्हाळं बंद करून दोन-तीन इंच पाणी ४८ तास कोंडा, मगच शेवटचा हप्ता द्या. फक्त कोटिंग मारायचं असेल तर आधी भेगा भरून त्यावर फायबरची जाळी, मग एक हात आडवा, एक उभा.

पावसाच्या झोडीत स्लायडिंग खिडकीतून पाणी घरात येतं.

नैर्ऋत्येकडच्या खिडक्यांना हे हमखास. सिलिकॉनची नळी उघडण्याआधी खिडकीच्या खालच्या पट्टीची बाहेरची बाजू बघा. तिथे लांबट छोटी भोकं असतात, पट्टीत आलेलं पाणी बाहेर काढायला. धूळ, कबुतरांची पिसं आणि जुन्या रंगाने ती बुजतात. जुन्या टूथब्रशने आणि तारेने मोकळी करा, वाटीभर पाणी पट्टीत ओतून बाहेर पडतं का बघा. पुष्कळदा काम इथेच संपतं. चौकट आणि ग्रॅनाइटमधली फट भरायची असेल तर न्यूट्रल सिलिकॉन घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंटवर टिकत नाही. ती बाहेर वाहणारी भोकं चुकून भरू नका.

भिंतीत हुक बसत नाही, प्लग फिरतो.

ड्रिलचा भुगा बघा. लाल आला तर वीट, साधा प्लग चालतो. पांढरा, मऊ, पिठासारखा आला तर सिपोरेक्स, म्हणजे हलका सच्छिद्र ब्लॉक. तिथे लांब नायलॉन प्लग घ्या, हॅमर मोड बंद ठेवा आणि भोक एक नंबर बारीक पाडा. करडा, कडक आणि ड्रिल पुढेच सरकत नसेल तर काँक्रीट. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांत बऱ्याच ठिकाणी सगळ्या भिंतीच मायवान पद्धतीच्या, म्हणजे साच्यात एकसंध ओतलेल्या, काँक्रीटच्या असतात. तिथे रोटरी हॅमर लागतो आणि वायरिंगच्या पाइपा स्लॅबमधून गेलेल्या असतात. छताला टांगत्या कुंडीचा हुक मारायच्या आधी मेन स्विच बंद करा.

ग्रिल दर दोन वर्षांनी गंजतं.

खाडीची खारी हवा. गंजावरच रंग मारला तर तो आतून चालूच राहतो. तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकतं लोखंड दिसेपर्यंत घासा, त्याच दिवशी रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेट प्रायमर, मग ऑइलपेंटचे दोन हात. जोडाच्या आणि वेल्डिंगच्या कोपऱ्यांत आधी बारीक ब्रशने वेगळा हात द्या. नवे स्क्रू स्टेनलेस ३०४चे, पाम बीचसारख्या खाडीलगतच्या भागात ३१६चे.

कठड्याच्या भेगेत पिंपळ उगवलाय.

वरून तोडला तर पुन्हा दुप्पट फुटतो. रोप बोटाएवढं असतानाच आजूबाजूचं प्लास्टर छिन्नीने काढा, मूळ शेवटापर्यंत सोडवा, भेग पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरा. मूळ स्लॅबच्या आत गेलेलं दिसलं तर ओढू नका, काँक्रीट सुटेल. इंजिनिअरला दाखवा.

अंगणातलं स्वतः लावलेलं झाड तोडायला परवानगी लागते?

लागते. महाराष्ट्रात १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्यानुसार शहरी भागात खासगी जागेतलं झाड तोडायलाही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हवी. फांद्या वाढल्या असतील तर उद्यान विभागाकडे अर्ज एप्रिलमध्येच करा. मेअखेरीस सगळ्या सोसायट्यांचे अर्ज एकदम पोहोचतात.